रविवारचं माटुंगा: मित्रांसोबतचा निवांत ब्रंच नेमका कसा जमवायचा

रविवारी सकाळी माटुंग्याला जाऊन पोटभर खाणं सोपं आहे. निवांत खाणं मात्र जमवावं लागतं, कारण तिथली जुनी दाक्षिणात्य हॉटेलं रेंगाळण्यासाठी नाहीतच. टेबलावर पाण्याचे ग्लास येतात, ऑर्डर जाते, काही मिनिटांत वाफाळती इडली समोर येते आणि दाराबाहेर तीस-चाळीस माणसं तुमच्या खुर्चीकडे बघत उभी असतात. एका टेबलावर दोन तास गप्पा मारायच्या बेताने गेलात, तर तुमचाही विरस होतो आणि रांगेतल्यांचाही.

म्हणून माटुंग्यातल्या ब्रंचचा सगळा बेत एकाच नियमावर आखा: टेबलावर खायचं, गप्पा रस्त्यावर मारायच्या. एकाच ठिकाणी सगळं उरकण्यापेक्षा एक हलका थांबा, मग बाजारातला फेरफटका, मग मुख्य खाणं आणि शेवटी बाग असे चार तुकडे करा. सकाळी नऊ ते दुपारी साडेबारा असे साडेतीन तास मजेत जातात. त्यातला टेबलावरचा वेळ जेमतेम सव्वा तास असतो, पण घाई कुठेच झालेली नसते.

हे सगळं चालत होऊ शकतं, कारण माटुंगा मुळात आखून वसवलेलं आहे. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या बाजूला रुंद रस्ते, झाडं, मधूनमधून बागा अशी नवी वस्ती उभी राहिली. नोकरीसाठी दक्षिणेतून आलेली कुटुंबं इथे स्थिरावली आणि त्यांच्यामागोमाग खानावळी आल्या. राम आश्रय १९३९चं, कॅफे मद्रास १९४०चं, ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२चं. तिन्ही एकमेकांपासून चालत जाता येईल एवढ्याच अंतरावर आहेत.

किती जण, कोणता दिवस

चार जण ही सर्वांत सोयीची संख्या. बहुतेक टेबलं चौघांची असतात, एक डोसा चौघांत नीट वाटला जातो आणि रांगेत लवकर नंबर लागतो. सहा जण असाल तर तीन-तीनच्या दोन टेबलांची तयारी ठेवा आणि दारावरच्या माणसाला आधीच सांगा, ‘वेगवेगळं बसलो तरी चालेल.’ आठ-दहा जणांनी एकत्र बसायचा हट्ट धरला तर तीन टेबलं एकाच वेळी रिकामी होण्याची वाट बघावी लागते. गर्दीच्या वेळी असं सहसा घडत नाही आणि तासभर फुकट जातो. मोठी टोळी असेल तर आधीच दोन गट पाडून दोन वेगळ्या हॉटेलांत जा आणि बाजारात भेटा. खाऊन आल्यावर ‘तुम्ही काय खाल्लं?’ हाच गप्पांचा पहिला विषय होतो.

जोडून सुट्टी आली आणि सोमवारचा बेत ठरत असेल तर सावध राहा. कॅफे मद्रास आणि रामा नायक दोन्ही सोमवारी बंद असतात.

गर्दीचा जोर साधारण साडेनऊ ते साडेअकरा. या वेळात कॅफे मद्रासच्या दारात पाऊण ते एक तास उभं राहावं लागू शकतं. भेटायची वेळ पावणेनऊची ठरवा. उशिरा येणारा मित्र प्रत्येक टोळीत असतोच, त्यामुळे पहिल्या थांब्यावर पोहोचेपर्यंत नऊ वाजतात. ब्रंच म्हटलं की अकराशिवाय निघायचं नाही असा ज्यांचा आग्रह असतो, त्यांनी पहिला थांबा गाळावा, बारा वाजता थेट मुख्य खाण्याला यावं आणि बाग संध्याकाळवर ढकलावी. मात्र दुपारी काही हॉटेलं मधला वेळ बंद ठेवतात, त्यामुळे एकनंतर कुठेही जायचं तर आधी फोन करून विचारा.

पोहोचायचं कसं

इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. मुंबईत माटुंगा नावाची दोन स्टेशनं आहेत. मध्य रेल्वेवरचं माटुंगा आणि पश्चिम रेल्वेवरचं माटुंगा रोड. खाण्याची सगळी मजा मध्य रेल्वेच्या पूर्वेला आहे. पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्यांनी माटुंगा रोडला उतरलं तरी चालतं. तिथून झेड ब्रिज या पादचारी पुलाने रूळ ओलांडून पूर्वेला यायला पंधराएक मिनिटं लागतात. मात्र हे आधी माहीत हवं. नाहीतर चौघांतले दोघे एका स्टेशनाबाहेर आणि दोघे दुसऱ्या, आणि सगळे एकमेकांना फोनवर ‘अरे, मी माटुंग्यालाच उभा आहे’ असं सांगत राहतात. ग्रुपवर निरोप टाकताना फक्त ‘माटुंगा स्टेशन’ लिहू नका. ‘सेंट्रलचं माटुंगा, पूर्वेला, तिकीट खिडकीपाशी’ असं पूर्ण लिहा. हार्बरवरून येणाऱ्यांना तिसरं स्टेशन सोयीचं, ते म्हणजे किंग्ज सर्कल. तिथून किंग्ज सर्कलच्या गोल चौकापर्यंत पाच-सात मिनिटांची चाल.

मध्य रेल्वेच्या माटुंग्याला फक्त धीम्या गाड्या थांबतात. ठाणे-कल्याणहून जलद गाडीने येत असाल तर दादरला उतरून धीमी गाडी पकडून एक स्टेशन मागे या, किंवा दादर पूर्वेहून टॅक्सी करा. चौघांत टॅक्सी जड जात नाही. (याच माटुंगा स्टेशनचा सगळा कारभार २०१७पासून महिला कर्मचाऱ्यांकडे आला. असं देशातलं हे पहिलं स्टेशन.)

मेगाब्लॉक विसरू नका. मध्य रेल्वेवर बऱ्याच रविवारी माटुंगा ते मुलुंड या पट्ट्यात दुरुस्तीसाठी गाड्या वळवतात, साधारण अकरा ते चार या वेळात. कधी जलद मार्ग बंद असतो, कधी धीमा. वेळापत्रक आदल्या दिवशी जाहीर होतं, ते शनिवारी रात्री बघून ठेवा. सकाळी येताना बहुधा अडचण येत नाही, परतताना येते. हार्बरवरही ब्लॉक असतो, त्यामुळे ‘मग किंग्ज सर्कलहून जाऊ’ असं गृहीत धरू नका. अशा दिवशी परतीसाठी दादरपर्यंत बस किंवा टॅक्सी धरावी.

गाडी घेऊन जाणं टाळाच. रविवारी सर्कलभोवतीच्या गल्ल्यांत जागा शोधण्यात अर्धा तास जातो आणि तेवढ्यात तुमचं नाव पुकारून होतं. आजी-आजोबांना घेऊन येत असाल तर त्यांना हॉटेलच्या दारात उतरवा आणि गाडी फाइव्ह गार्डन्स या बागेच्या बाजूच्या शांत रस्त्यांवर लावून या.

पहिला थांबा: हलकं, आणि स्टेशनच्या जवळ

पहिल्या थांब्यावर पोट भरायचं नाही, रात्रभराची भूक थोडी शमवायची. यासाठी राम आश्रय चांगलं. ते पहाटे पाचलाच उघडतं, त्यामुळे नऊपर्यंत सकाळी फिरून आलेल्यांची पहिली लाट ओसरत आलेली असते. इथे दुसऱ्या मंडळींसोबत टेबल वाटून घ्यावं लागू शकतं. समोर अनोळखी माणूस इडली खात असेल तर बिचकू नका, तशीच पद्धत आहे.

बसण्याआधी त्या दिवसाचे खास पदार्थ कोणते ते बघून घ्या. रोजच्या यादीबाहेरचे एक-दोन पदार्थ असतात आणि ते लवकर संपतात. शिरा कोणत्या चवीचा आहे ते विचारा. अननसाचा असेल तर एक ताटली चौघांत मागवा, प्रत्येकाला दोन-दोन चमचे पुरतात. त्यासोबत एक उपमा आणि एक प्लेट रसम वडा, बस्स. इथे डोसा घेऊ नका, तो पुढच्या थांब्यासाठी राखून ठेवा.

रसम वड्याला मात्र घाई करू नका. वडा वाटीत येतो तेव्हा वरची बाजू अजून कुरकुरीत असते आणि खालची बुडालेली. पहिला घास वरच्या कडेचा तोडावा. कडा दाताखाली फुटते आणि आतून मऊ, थोडी मिरी लागलेली उडीद डाळ येते. मग चमच्याने वडा दाबून पूर्ण बुडवा आणि दोन मिनिटं थांबा. नीट फेटलेल्या पिठाच्या वड्यात हवेची बारीक छिद्रं असतात, ती रसम ओढून घेतात, वडा फुगतो आणि वाटीतलं रसम निम्मं होतं. वडा बुडूनही घट्टच राहिला तर पीठ नीट फेटलं गेलेलं नाही किंवा वडा आधी तळून ठेवलेला आहे असं समजा. आंबट-तिखट रसम शेवटी वाटीला तोंड लावून प्यावं, चमच्याने संपवत बसू नये.

कॉफीचा मोह इथे होतो. चौघांत दोन कॉफी घ्या, वाटून प्या. दुधाची गोड कॉफी सुरुवातीलाच पूर्ण पेलाभर प्यायली की भूक मरते आणि तासाभराने डोशासमोर बसताना उत्साह उरत नाही.

बाजारातला तास

पावणेदहाला बाहेर पडलात की लगेच दुसऱ्या हॉटेलकडे धावू नका. ब्रंचमधल्या गप्पांचा वेळ इथे सुरू होतो.

स्टेशनसमोरच्या बाजारात आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत मुंबईत इतरत्र सहज न दिसणाऱ्या वस्तू एका ओळीत मांडलेल्या असतात: केळीची पानं, केळफूल, कच्ची केळी, कोहळा, सुरण, कढीपत्त्याच्या मोठ्या जुड्या, ओवलेल्या मोगऱ्या-अबोलीचे गजरे. केळीचं पान विकत घ्यायचं तर टोकाकडचा भाग मागा, तो मऊ असतो आणि दुमडताना फाटत नाही. घरी नेताना गुंडाळा, घडी घालू नका.

केळ्याचे वेफर्स तिथेच तळून देणारी दुकानं आहेत. कढई चालू असेल तर जरा उभं राहून बघण्यासारखं आहे. कच्च्या केळ्याच्या चकत्या थेट उकळत्या तेलावर किसणीतून पडतात आणि थोड्या वेळाने तळणारा हळद-मिठाचं पाणी त्या तेलातच शिंपडतो. एकदम तडतडाट होतो, फेस वर येतो आणि चकत्यांना रंग आणि मीठ एकाच वेळी लागतं. खोबरेल तेलातले हवे असतील तर तसं स्पष्ट मागा आणि वास घेऊन बघा. त्यातला गोडसर नारळाचा वास लपत नाही. गरम वेफर्स प्लॅस्टिकच्या पिशवीत लगेच बांधून घेतले तर वाफेने मऊ पडतात. पिशवीचं तोंड घरी पोहोचेपर्यंत उघडं ठेवा.

कॉफी पावडरही याच फेरीत घ्या. दुपारी दुकानं बंद होण्याचा धोका असतो आणि ताज्या दळलेल्या कॉफीचा वास घेत पुढे चालणं सुखाचं असतं. म्हैसूर कन्सर्न्ससारखी दुकानं बिया भाजून, दळून, चिकोरीचं (कॉफीत मिसळायच्या भाजलेल्या मुळांच्या पुडीचं) प्रमाण विचारून पुडी बांधून देतात. पहिल्यांदा घेत असाल तर ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी सांगा आणि ‘फिल्टरसाठी’ हा शब्द न चुकता वापरा, कारण दळण त्यावर ठरतं. फार बारीक दळली तर फिल्टर तुंबतो, जाड ठेवली तर डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरणारा कॉफीचा अर्क, पाणचट उतरतं. चिकोरी ३० टक्क्यांच्या पुढे गेली की रंग गडद आणि दाट दिसतो, पण कॉफीची चव मागे पडते. अर्धा किलो घ्यायचा मोह टाळा. दळलेल्या पावडरीचा वास दोन-तीन आठवड्यांत उतरतो, दोन माणसांच्या घराला २०० ग्रॅम पुरे.

मुख्य खाणं: रांग

पावणेअकराच्या आसपास किंग्ज सर्कलला या. स्टेशनपासून दहा मिनिटांची चाल आहे. सर्कलच्या मधल्या बागेचं नाव महेश्वरी उद्यान, पण रिक्षा-टॅक्सीवाल्यापासून सगळे किंग्ज सर्कलच म्हणतात.

कॅफे मद्रासला दारात नावं घेणारा माणूस असतो. सरळ त्याच्याकडे जाऊन नाव आणि किती जण ते सांगा. दोन गोष्टींची काळजी घ्या. नाव आखूड आणि ठळक द्या, गोंगाटात ऐकू येईल असं. आणि जेवढे हजर आहात तेवढेच आकडे द्या. ‘दोघं येतायत’ म्हणून चार सांगितले आणि नाव पुकारलं तेव्हा दोघंच दिसले, तर टेबल पुढच्यांना जातं. नाव देऊन चौघांनीही फिरायला जाणं ही नेहमीची चूक. पुकारल्यावर हजर नसाल तर नाव पुढे सरकतं आणि पुन्हा विनवणी करावी लागते. दोघांनी दाराजवळ थांबावं, दोघांनी उड्डाणपुलाखालच्या बागेत एक चक्कर मारावी, मग अदलाबदल. पुलाखाली नानालाल मेहता उद्यान आहे. त्यातली पायवाट नर्मदेच्या प्रवाहाच्या आकारात काढलेली आहे आणि सावली असल्यामुळे उन्हाळ्यातही उभं राहता येतं.

रांग तासाच्या पुढे जाईल असं दिसलं तर हट्ट करू नका. जवळच इडली हाऊस आहे. तिथे इडल्यांचेच प्रकार आहेत आणि फणसाच्या पानांच्या द्रोणात वाफवलेली इडली हा त्यातला बघण्या-खाण्यासारखा प्रकार. कोकणी घरांत तिला खोट्टो म्हणतात. फणसाची चार पानं काड्यांनी टोचून पेल्यासारखा द्रोण करतात, त्यात पीठ ओततात आणि नेहमीच्या इडलीपेक्षा जास्त वेळ वाफवतात. पान सोलून काढलं की इडलीवर शिरांची नक्षी उमटलेली असते आणि पानाचा मंद वास लागतो. हे वेगळेपण सांबारात बुडवून घालवू नका, आधी नुसतं खोबऱ्याच्या चटणीबरोबर खाऊन बघा.

ऑर्डर कशी द्यायची

या लेखातलं एवढंच लक्षात ठेवलं तरी चालेल: सगळं एकदम मागवू नका.

एकदम मागवलं की पाच-सहा ताटल्या एकाच वेळी येतात आणि प्रत्येक पदार्थाचं आयुष्य वेगळं असतं. मसाला डोसा चार-पाच मिनिटांत मऊ पडतो, कारण आतल्या गरम बटाट्याच्या भाजीची वाफ पापुद्र्यात शिरते. इडली उघडी राहिली की वरून सुकते. नीर डोसे गार झाले की एकमेकांना चिकटतात. शेवटी टेबलभर अर्ध्या, थंडगार ताटल्या उरतात आणि ‘इथे पूर्वीसारखी चव राहिली नाही’ असं कोणीतरी म्हणतो. चव असते, ताटली वेळेवर खाल्लेली नसते.

चौघांसाठी तीन फेऱ्या करा.

पहिल्या फेरीत वाफवलेले पदार्थ. एक प्लेट साधी इडली आणि एक प्लेट पोडी इडली, म्हणजे मिरची-डाळीच्या पुडीत तुपात घोळवलेली. पोडी तिखट असते, म्हणून आधी साधी खा. इडली चांगली आहे का हे ओळखायला ती चमच्याने न कापता बोटांनी मधून उघडा. आत समान बारीक जाळी दिसायला हवी. जाळी मोठी आणि ओबडधोबड असेल तर पीठ जास्त आंबलेलं आहे, अजिबात नसेल तर कमी. याच वेळी, पहिल्या फेरीबरोबरच, रवा डोसा हवा असेल तर तो सांगून ठेवा. त्याचं पीठ ताकासारखं पातळ असतं, तव्यावर शिंपडून ते पाणी आटेपर्यंत मंद आचेवर ठेवावं लागतं. त्यामुळे तो इतर डोशांच्या दुप्पट वेळ घेतो. घाईने काढलेला रवा डोसा मधे चिवट राहतो.

दुसऱ्या फेरीत डोसे, पण एका वेळी दोनच. एक म्हैसूर मसाला, ज्याला आतून लाल तिखट चटणी लावलेली असते, आणि एक त्याच्या विरुद्ध स्वभावाचा: नीर डोसा किंवा नाचणीचा डोसा. नीर डोशात उडीद नसतो, पीठ आंबवत नाहीत. कच्चा तांदूळ भिजवून पाण्यासारखा पातळ वाटतात आणि तव्यावर झाकून वाफेवर शिजवतात, त्यामुळे तो पांढराशुभ्र आणि मऊ असतो. मिरमिरीत म्हैसूर मसाल्यानंतर त्याचा एक घास जिभेला थंडावा देतो. हा क्रम उलटा केला तर नीर डोसा नुसताच बेचव वाटतो.

डोसा चौघांत वाटताना मधून कापू नका. मधून कापला की वाफ सगळीकडे पसरते आणि भाजी एकाच्या वाट्याला येते. दोन्ही टोकांकडून दोघांनी सुरुवात करावी, कुरकुरीत कडा आधी संपवाव्यात आणि मधला भाजीचा भाग शेवटी वाटून घ्यावा. ज्याला कडाच आवडतात आणि ज्याला भाजी, असे दोघं एका डोशाला बसले की भांडण राहत नाही.

सांबाराबद्दल थोडं. उडुपी पद्धतीच्या सांबारात गुळाचा हलका हात असतो आणि ते पुन्हा पुन्हा वाटीत येत राहतं. भुकेच्या भरात पहिल्या दहा मिनिटांत दोन वाट्या सांबार प्यायलं की पोट पाण्याने भरतं. दुसऱ्या फेरीचा डोसा मग पोटात जागा शोधत बसतो. चटणीवर जास्त भर द्या. खोबऱ्याची ताजी चटणी दुपार होत जाईल तसतशी जड आणि आंबूस होऊ लागते. तशी लागली तर न खाता बदलून मागा, बदलून देतात.

तिसऱ्या फेरीची गरज असेल तरच ती करा. चौघांना मिळून दोन इडल्या-प्लेट, दोन ते तीन डोसे आणि पहिल्या थांब्यावरचं खाणं एवढं पुरेसं असतं. माणशी साधारण तीनशे-साडेतीनशे रुपये दोन्ही थांब्यांचे मिळून धरून चाला. बिल एकानेच द्यावं आणि हिशेब बाहेर बागेत बसल्यावर करावा. टेबलावर चौघांनी चार फोन काढून पैसे पाठवत बसलं की बाहेर उभी असलेली माणसं तेवढी जास्त उभी राहतात.

कुणाला गव्हाची किंवा मैद्याची अडचण असेल तर रवा डोसा आणि शिरा त्याने टाळावेत. हिंगात मैदा मिसळलेला असू शकतो, तो सांबार आणि पोडी दोन्हींत असतो, म्हणून पथ्य कडक असणाऱ्याने विचारूनच खावं.

कॉफी

आता पूर्ण पेला. स्टीलचा पेला पसरट वाटीत, म्हणजे डबऱ्यात, ठेवून येतो. कॉफी इतकी गरम असते की पेल्याच्या पोटाला बोट लावता येत नाही. वरच्या दुमडलेल्या काठाला धरून उचलायचा असतो. अर्धी कॉफी डबऱ्यात ओता, हातभर नाही तरी वीतभर उंचीवरून परत पेल्यात घ्या, असं तीन-चार वेळा. साखर तळाशी बसलेली असते ती यात विरघळते, कॉफी पिण्याजोगी होते आणि वर बारीक फेस येतो. पहिल्यांदा करणाऱ्याने वाटीवर ओणवं होऊन, कमी उंचीवरून करावं. गोड कमी हवी असेल तर ऑर्डर देतानाच सांगा. नंतर सांगून उपयोग नसतो.

कॉफी संपली की उठा.

रामा नायकचं पान याच दिवशी?

नको. स्टेशनजवळच्या बाजाराच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर असलेल्या या बोर्डिंगात केळीच्या पानावर वाढतात आणि ते जेवण रिकाम्या पोटाचा मान मागतं. दोन-दोन डोसे खाऊन तिथे बसलेला माणूस सारभात आणि भाजीची चव न घेताच पापडावर येऊन थांबतो. त्यासाठी दुसरा रविवार काढा, सकाळी नुसता चहा घ्या आणि अकराच्या सुमारास पहिल्या पंगतीला पोहोचा. जिने चढावे लागतात, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना आधी कल्पना द्या.

बाग

सर्कलपासून पाच उद्यानांपर्यंत, म्हणजे फाइव्ह गार्डन्सपर्यंत, पंधरा मिनिटांची चाल. वाटेत रुंद फुटपाथ आणि डोक्यावर झाडांचं छत. पारशी कॉलनीच्या मधोमध रस्त्यांनी विभागलेल्या पाच हिरव्या तुकड्यांची ही बाग. कॉलनी ज्यांच्या प्रयत्नांनी उभी राहिली त्या मंचेरजी जोशी या अभियंत्याचं नाव या परिसराशी जोडलेलं आहे. भोवतालच्या इमारती बुटक्या आहेत. गोल गॅलऱ्या, लाकडी जिने आणि कुंड्यांनी भरलेली दारं बघत चालावं. त्या लोकांच्या राहत्या घरांसमोर उभं राहून फोटोंचा कारखाना मात्र काढू नये.

डिसेंबर-जानेवारीत साडेबारालाही बाकावर बसता येतं. मार्च ते मे या काळात क्रम उलटा करा: साडेसातला आधी बागेत भेटा, मग राम आश्रय, मग बाजार, आणि कॅफे मद्रास साडेनऊच्या आत. पावसाळ्यात बाग चिखलाने भरते आणि बाकं ओली असतात, तेव्हा गप्पा पुलाखालच्या बागेत. पावसात हॉटेलबाहेरची रांग छत्र्यांमुळे लांब आणि विस्कळीत होते, म्हणून दोघांत एकच मोठी छत्री घ्या.

स्वच्छतागृहाची सोय हॉटेलांत मर्यादित असते. मुलं किंवा वयस्क बरोबर असतील तर टेबलावरून उठण्याआधी ते आटोपून घ्या, बागेपर्यंत लांबवू नका.

घरी आणलेली पुडी

परतल्यावर पुडी लगेच घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात घाला आणि डबा गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवा. सोमवारी सकाळी फिल्टरच्या वरच्या भांड्यात चार जणांसाठी चार शिगोशीग मोठे चमचे पावडर घाला, छत्रीसारख्या दांड्याने हलकेच सपाट करा, दाबू नका. दाबली की पाणी वरच उभं राहतं आणि अर्ध्या तासाने कपभरसुद्धा उतरत नाही. पाणी उकळू द्या, गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग आधी दोन चमचे पाणी टाकून पावडर ओली करा आणि मिनिटभराने उरलेलं हळूहळू ओता, एकूण पाऊण पेला. वीस मिनिटांत डिकॉक्शन खाली जमतं. एक भाग डिकॉक्शनला तीन भाग कढत दूध घ्या आणि साखर पेल्यातच घाला. डिकॉक्शन पुन्हा उकळलं तर कडू होतं, म्हणून गरम करायचं ते दूधच. उरलेलं झाकून फ्रिजमध्ये ठेवलं तर संध्याकाळच्या कॉफीला चालतं, दुसऱ्या दिवशी मात्र ताजं पाडा.